अक्षराला लाख, चुकीला डॉलर

धारच्या मराठी घरांत वाद कशावरही निघो, थोड्या वेळाने तो भोजराजापाशी येऊन पोचतो. या वेळी विषय होता सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून बक्षीस मिळवण्याचा, तरी पोचायचं तिथे पोचलाच. बोलणारे दोघे: मामा आणि भाची. मामा धारचे, इंदूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवून निवृत्त झालेले. जुन्या हिंदी-मराठी फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी मुक्त-स्रोत लायब्ररी ते कित्येक वर्षं सांभाळतात. पगार नाही, मदतनीस नाही. रात्रीच्या जेवणानंतरचा वेळ तिचा. भाची देवासची. इंदूरला शिकली, पण नोकरी धरली नाही. टेकरीखालच्या घरात बसून ती जगभरच्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षा-त्रुटी शोधते आणि बाउंटीच्या मंचांवर कळवते. म्हणजे एकाला रिपोर्ट येतात आणि दुसरी ते पाठवते. त्यांचं बोलणं पुढे देतो आहे, माळव्याच्या मराठीतली हिंदी थोडी गाळून. मधे मधे मी तोंड घातलं आहे, राहवलं नाही म्हणून.

मामा : बल्लाळाच्या भोजप्रबंधात काय आहे? कवीनं श्लोक म्हटला की राजा अक्षरागणिक लाख देतो. खरा भोज अकराव्या शतकातला आणि पुस्तक सोळाव्या, तेव्हा खजिन्याचा हिशेब तपासायला जाऊ नकोस. पण असं बक्षीस लागलं की धारेच्या वाटेवर रांग लागणार, एवढं नक्की. आणि रांगेतले सगळे कवी नसतात.

भाची : म्हणजे आम्ही सगळे भोंदू कवी?

मामा : तू नाहीस. तुझ्यामागे उभे आहेत ते. कर्लचं काय झालं बघ. नेटवरून माहिती आणायची-पाठवायची एवढंच ते सॉफ्टवेअर करतं. पण फोनमध्ये आहे, टीव्हीत आहे, गाडीत आहे. स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग १९९८ पासून ते सांभाळतोय आणि त्याच्याच अंदाजानं जगात २० अब्जांवर ठिकाणी ते बसलेलं आहे. २०१९ मध्ये त्यानं हॅकरवन या मंचावर बक्षीस लावलं. पहिली काही वर्षं छान गेली. ऐंशीच्या आसपास खऱ्या त्रुटी सापडल्या, ९० हजार डॉलरच्या वर रक्कम वाटली गेली. मग मजकूर लिहून देणारी यंत्रं आली. २०२५ च्या मध्याला तो लिहितो, आलेल्या १०० रिपोर्टांतले जेमतेम ५ खरे निघतात. जानेवारी २०२६ च्या अखेरीला त्यानं बक्षीसच बंद केलं.

भाची : आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा राग येतो, मामा. ९५ खोटे आले म्हणून दार लावलं, ठीक. पण त्या पाचांचं काय?

मामा : पाच जण दार वाजवतील की. पैसे नाहीत म्हणून कळवायला बंदी नाही.

भाची : वाजवतील कोण? ज्याला मोठ्या कंपनीत पगार आहे आणि शनिवार-रविवार रिकामा आहे, तो. मी कशाला वाजवीन? मला रिचार्ज मारायचा असतो.

मामा गप्प बसले नाहीत, पण विषय मात्र त्यांनी वाचण्याच्या कष्टांकडे वळवला. तिथे ते तज्ज्ञ आहेत.

मामा : एक रिपोर्ट वाचायचा म्हणजे काय, ते ऐक. कुणी लिहितं की अमक्या फंक्शनमध्ये बफर ओव्हरफ्लो आहे, नेमून दिलेल्या जागेच्या बाहेर मजकूर सांडतो आणि त्यातून हल्लेखोर मशीन ताब्यात घेऊ शकतो. आता मला ती आवृत्ती बिल्ड करायला हवी. त्यानं दिलेली फाइल चालवून बघायला हवी. कोसळलं, तर का कोसळलं. बाहेरच्या माणसाला तिथपर्यंत पोचता येतं का, की माझ्याच मशीनवर मीच मला पाडतोय. किती जुन्या आवृत्त्यांमध्ये आहे. मग दुरुस्ती, ती करताना दुसरं काही मोडलं नाही ना, मग त्रुटीचा सीव्हीई हा नोंद-क्रमांक, मग जाहीर सूचना. कर्लच्या सुरक्षा-गटात सात जण आहेत. एकेका रिपोर्टवर त्यांतले तीन-चार जण अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत वेळ घालवतात, हे स्टेनबर्गनंच लिहिलंय. पाठवणाऱ्याला आता मिनिट पुरतं. मला एक रिपोर्ट आला. त्यात ज्या फंक्शनचं नाव होतं ते माझ्या लायब्ररीत नाहीच. तसं कळवलं, तर उत्तर आलं की आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे, क्षमस्व, खरी त्रुटी पुढील फंक्शनमध्ये आहे. तेही नव्हतं. मग विचारतो, बक्षीस किती देता?

भाची : तुम्ही कधी बक्षीस लावलं होतं?

मामा : मी? पेन्शनमधून?

भाची : मग तो आला कसा? बक्षीस नसतानाही आला ना? म्हणजे बाउंटी बंद केली म्हणून कचरा थांबत नाही. फक्त आमचे पैसे थांबतात.

मामा : सवय लागली ना लोकांना. आधी भाव विचारायचा, मग माल शोधायचा.

भाचीचा मुद्दा बिनतोड होता असं मला वाटतं, आणि मामांचं उत्तर पुरेसं नव्हतं. पण तिचा खरा मुद्दा पुढेच आला. धार आणि देवास यांच्या मधे इंदूर आहे, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत इंदूरचं नाव या धंद्यात अचानक सगळ्यांच्या तोंडी झालं होतं.

भाची : गूगलनं आदल्या वर्षाचा आढावा काढला त्यात काय होतं, आठवतं? अँड्रॉइडमधल्या त्रुटी कळवणाऱ्यांत जगात पहिला इंदूरच्या बग्समिरर कंपनीचा अमन पांडे. एका वर्षात २३२ त्रुटी. अँड्रॉइडचा सोर्स कोड उघडा आहे, कुणीही वाचावा. यानं इंदूरमधे बसून वाचला की कॅलिफोर्नियात, कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षीही पहिला तोच. मामा, आमच्या वर्गातल्या पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा असा विचार केला की बेंगळुरूला न जाताही हे जमतं.

मामा : शाबास त्याची. पण ते गूगल आहे. नुसत्या २०२१ मध्ये बक्षिसांत ८७ लाख डॉलर वाटले त्यांनी. रिपोर्ट वाचायला पगारी माणसं बसवलेली आहेत. तुमचा कचरा त्यांच्या ऑफिसच्या वेळेत जातो, माझा माझ्या झोपेतून जातो. उघडा कोड उघडा कोड म्हणून दोघांना एका पंगतीत बसवू नकोस.

भाची : तरी एक सांगा, मंच नव्हते तेव्हा देवासच्या पोरीची ईमेल कुणी उघडली असती? नेटस्केपनं १९९५ मध्ये ही बक्षिसं सुरू केली, मोझिलानं २००४ मध्ये ५०० डॉलर लावले. तेव्हा ही कमाई कुणाची होती? हॅकरवन, बगक्राउड हे २०१२ मध्ये आले आणि त्यानंतर आम्ही आलो. २०१८ मध्ये हॅकरवननं आपल्या लोकांच्या मोजणीचा अहवाल काढला तेव्हा सगळ्यांत जास्त भारतातलेच निघाले, जवळजवळ चौथा हिस्सा. तिथे माझं नाव, आडनाव, कॉलेज, इंग्रजी कसं आहे, काही विचारत नाहीत. बग खरा का खोटा, एवढंच.

मामा : त्याच अहवालात होतं ना, की इथले अव्वल लोक इथल्या इंजिनिअरच्या मध्यक पगाराच्या सोळापट कमावतात? ते वाक्य सगळ्या कोचिंगवाल्यांनी भिंतीवर लावलं. अव्वल हा शब्द गाळून.

भाची : तेवढं मात्र खरं.

उघड्या सॉफ्टवेअरवर काम करण्याचं आणखी एक कारण तिने सांगितलं, ते इकडे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. दुसऱ्याच्या वेबसाइटवर परवानगीवाचून हात चालवला तर आपला २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा, त्याचं कलम ४३ आणि ६६, अंगावर येऊ शकतं. हेतू चांगला होता हे पुढे सिद्ध करत बसावं लागतं. उघड्या लायब्ररीचं तसं नाही. ती उतरवून घ्यायची, आपल्याच लॅपटॉपवर चालवायची, आपल्याच घरात पाडायची. शिकाऊ माणसाला यापेक्षा सुरक्षित आखाडा नाही. मग ती तिच्या कामाबद्दल बोलायला लागली आणि मामा पहिल्यांदा मन लावून ऐकू लागले.

भाची : फझिंग करते मी. चित्रांची फाइल वाचणारी एखादी लायब्ररी घ्यायची आणि तिला मुद्दाम बिघडवलेल्या फाइली भरवत राहायचं, लाखो. यंत्रच फाइली बिघडवतं, यंत्रच बघतं कुठल्या फाइलीनं प्रोग्राम नव्या वाटेला गेला. रात्रभर चालतं. उन्हाळ्यात लॅपटॉप तव्यासारखा होतो, वीज गेली की पुन्हा लावा. सकाळी शंभर क्रॅश दिसतात आणि बघायला गेलं तर त्यातले नव्वद एकाच कारणाचे असतात. मग ती फाइल कापत कापत पाच-पन्नास बाइटवर आणायची, नेमकी ओळ शोधायची. आठवडे जातात. मग पाठवायचं. आणि मग उत्तर येतं: डुप्लिकेट. दुसऱ्या कुणी तरी आधी कळवलंय. कोणी, कधी, दाखवत नाहीत. मला शून्य. एका मंचानं मला सांगितलं की हे आधीच माहीत आहे, आणि दुरुस्ती आली माझ्या रिपोर्टनंतर किती तरी दिवसांनी.

मामा : आधी आलेला असेलही. पडून राहतात.

भाची : असेलही! पण मला कसं कळणार? तुमच्या भोजाची दुसरी गोष्ट सांगा ना आता. ती का नाही सांगत?

कोणती गोष्ट, ते धारमधे सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो. दंतकथा अशी की खजिना रिता होऊ नये म्हणून दरबारात अशी माणसं ठेवली होती की ज्यांना एकदा, दोनदा, तीनदा ऐकलं की श्लोक पाठ. कवीनं नवा श्लोक म्हणावा, पहिल्यानं तो लगेच म्हणून दाखवावा, ते ऐकून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. आणि मग सगळ्यांनी मिळून म्हणावं, महाराज, हा तर जुनाच आहे. कवी रिकाम्या हातानं परत. शेवटी एक चतुर निघाला. त्यानं श्लोकच असा रचला की राजा, तुझ्या वडिलांनी माझ्याकडून ९९ कोटी रत्नं उसनी घेतली होती, तुझ्या दरबाऱ्यांना हे ठाऊक आहे. श्लोक जुना म्हणावं तर कर्ज फेडा, नवा म्हणावं तर अक्षराला लाख मोजा.

मामा : (हसून) हा श्लोक अजून तुम्हा लोकांना रचता आला नाही.

भाची : रचला असता. पण तुम्ही रिपोर्ट पाठवायलाच फी लावायला निघालात.

तिच्या या गोष्टीनं मी मात्र अडलो तो वेगळ्याच जागी. कवी कसा फसवला गेला आणि राजा कसा फसला, हे सगळे सांगतात. रोज सकाळपासून बसून ते बरेवाईट श्लोक ऐकणाऱ्यांना काय मिळायचं, हे कुठल्याच गोष्टीत नाही. माझ्या मते बाउंटीच्या सगळ्या रचनेतली खोट हीच आहे. पैसा बोलणाऱ्यावर लावलेला आहे. ऐकणारा फुकट बसला आहे, आणि त्याला न विचारता रांग वाढवता येते. मामांना हे सुचवलं तर ते उसळलेच.

मामा : तेच सांगतोय इतका वेळ! ओपनएसएसएलचं काय होतं? अर्ध्या नेटची कुलपं त्यावर चालत होती आणि २०१४ मध्ये त्यातली हार्टब्लीड ही त्रुटी बाहेर आली तेव्हा कळलं की त्यांना वर्षाला २ हजार डॉलरच्या आसपास देणग्या मिळतात. त्रुटी शोधणाऱ्याला मात्र १५ हजार डॉलर बक्षीस होतं. इंटरनेट बग बाउंटी म्हणून मायक्रोसॉफ्ट, फेसबुक वगैरेंनी २०१३ मध्ये उभारलेला निधी होता, त्यातून. शोधणारा गूगलचा नील मेहता. भला माणूस, त्यानं सगळे पैसे पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले.

भाची : दान करायला आधी पगार लागतो, मामा.

मामा : लागतो. मी त्याला दोष नाही देत. मी म्हणतो, ओपनएसएसएलच्या त्या दोन-चार माणसांना त्या आठवड्यात काय मिळालं? शिव्या. आणि अलीकडचं, २०२५ चं, लिबएक्सएमएलटू. एक्सएमएल वाचणारी लायब्ररी, मोठमोठ्या कंपन्यांच्या पोटात बसलेली. निक वेलनहोफर एकटा सांभाळत होता. दर आठवड्याला कित्येक तास लोकांनी कळवलेल्या सुरक्षा-त्रुटींत जायचे, फुकट. शेवटी त्यानं सांगितलं की आता गुप्तता नाही, मुदत नाही, सुरक्षेची त्रुटी ही इतर चुकांसारखीच एक चूक, जमेल तेव्हा बघीन. पुढे सोडलंच.

भाची : मग भांडण त्या कंपन्यांशी आहे ना, माझ्याशी कसं? फुकट वापरतात त्या. मी तर फुकट तपासून देते, लागली तर लागली लॉटरी.

मामा : भांडण तुझ्याशी नाहीच. पण तू ज्या मंचाच्या बाजूनं बोलतेस तो मंच तुझ्या आणि त्यांच्या मधे दलाली करतो, आणि माझ्यासारख्याचा वेळ हिशेबात धरत नाही.

भाची : धरतात काही. त्याच इंटरनेट बग बाउंटीनं पुढे नियम केला की १०० तले ८० शोधणाऱ्याला, २० प्रकल्पाला. आणि युरोपियन युनियननं २०१९ मध्ये व्हीएलसी, पुटी, सेव्हन-झिप अशा पंधराएक मुक्त प्रकल्पांवर बक्षिसं लावली तेव्हा जो दुरुस्तीही जोडून देईल त्याला २० टक्के जास्त. व्हीएलसीच्या त्यानंतरच्या आवृत्तीत इतक्या सुरक्षा-दुरुस्त्या झाल्या की तेवढ्या आधी कधी एका आवृत्तीत झाल्या नव्हत्या. काम झालं ना?

मामा : झालं. म्हणून म्हणतो, सगळं बक्षीस शोधण्यावर नको, निम्मं तरी दुरुस्तीवर लावा. संगणकशास्त्रज्ञ क्नुथनं काय केलं? पुस्तकातली चूक दाखवा, २ डॉलर ५६ सेंटचा चेक घ्या. लोक चेक वटवत नसत, भिंतीला लावत.

भाची : क्नुथला चुका दाखवणारे सगळे प्राध्यापक! त्यांना भिंती होत्या.

मग निघाली ती फीची गोष्ट. रिपोर्ट पाठवताना थोडे पैसे अनामत ठेवायचे, खरा निघाला की परत, हा उपाय बऱ्याच जणांना सुचलेला आहे, स्टेनबर्गलाही सुचला होता. मामा त्यावर खूश आहेत. भाचीचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं, आणि या एका बाबतीत मी पूर्ण तिच्या बाजूचा आहे.

भाची : १० डॉलर म्हणजे तुम्हाला काय वाटतं? रक्कम सोडा. ती भरायला परदेशी व्यवहार चालणारं कार्ड लागतं. आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांकडे नुसतं यूपीआय आहे. कार्ड मिळालं तरी ऑनलाइन परदेशी व्यवहार बंद करून देतात, ते चालू करवून घ्या. म्हणजे ज्याच्या वडिलांकडे कार्ड तो आत. आणि कचरा पाठवणाऱ्याचं काय, तो १० डॉलर टाकून शंभरदा नशीब आजमावेल, सट्टा समजून.

मामा : मग चाळणी कशाची लावायची?

भाची : मागच्या कामाची. मंचांवर आमचे गुण असतात, खोटा रिपोर्ट दिला की कमी होतात. तेवढं बघून नव्यांना हळूहळू आत घ्या.

मामा : नवं खातं उघडायला किती वेळ लागतो?

ती काही बोलली नाही. हा प्रश्न खरोखरच कुणाला सुटलेला नाही.

यंत्राबद्दल मात्र दोघांचं जवळजवळ एकमत निघालं, तेही कर्लच्याच उदाहरणावरून. २०२५ च्या सप्टेंबरात जोशुआ रॉजर्स नावाच्या संशोधकानं एआयची हत्यारं वापरून कर्लमधल्या संशयास्पद जागांची भलीमोठी यादी पाठवली, आणि जो स्टेनबर्ग एआयच्या कचऱ्यावर इतका चिडलेला, त्यानंच तिचं जाहीर कौतुक केलं. त्या यादीतून ५० च्या आसपास दुरुस्त्या झाल्या. हत्यार तेच, पाठवण्याआधी एका जाणत्या माणसानं ती यादी वाचली होती.

भाची : म्हणजे तुमची तक्रार यंत्राशी नाही, बक्षिसाशीही नाही.

मामा : माझी तक्रार आहे की पाठवणाऱ्यानं स्वतः वाचलेलं नसतं. तू पाठवतेस तेव्हा वाचतेस, म्हणून तुझ्याशी बोलतोय. बाकीच्यांना मी आता उत्तरंही देत नाही. आणि त्यांत एखादा खरा असेल, हे मला माहीत आहे.

भाची : माझाही त्यात गेला असता.

मामा : गेला असता.

हे मामा इतक्या सरळपणे म्हणाले की भाचीनं पुढचा वाद टाकूनच दिला आणि लॅपटॉप उघडला. तिच्याकडे एक ताजा क्रॅश होता. फॉन्टची फाइल वाचणारी एक जुनी लायब्ररी, एकट्या माणसानं सांभाळलेली, कुठल्याच मंचावर नाही, बक्षीस नाही. रिपोर्ट लिहून ठेवला होता, पाठवला नव्हता. मामांनी चष्मा लावला. पहिले तीन परिच्छेद, ज्यांत ही त्रुटी जगाला किती धोकादायक आहे ते होतं, त्यांनी काढायला लावले. तिनं दोन काढले. ‘क्रिटिकल’ काढ म्हणाले, एक बाइट जास्त वाचला जातो एवढंच तुला दाखवता आलंय. ती म्हणाली, तीव्रतेचा आकडा ७.५ येतो, गणित करून आलाय, तो राहणार. मग त्यांनी आकड्याचं गणित मागितलं, तिनं केलं, आणि हल्लेखोराला नेटवरून पोचता येतं हे तिनं गृहीतच धरलं होतं, असं निघालं. आकडा खाली आला. तिनं जोडलेली फाइल ४१ बाइटची होती, ती मामांना फार आवडली. दुरुस्तीही जोड, म्हणाले. कोसळतंय ती ओळ तुला सापडलीय, मग तपासणी कुठे घालायची तेही तुलाच कळणार. ती म्हणाली, त्याचे पैसे कोण देणार? मामा म्हणाले, कुणी नाही. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि ती ओळ उघडली.

‘कुठल्या आवृत्तीवर तपासलंस?’ मामांनी विचारलं. ‘शेवटच्या रिलीजवर की आजच्या कोडवर?’

‘रिलीजवर.’

‘मग आधी आजचा उतरव.’